गोलनार आजींचा नळ

“आई न्हाणीघरात गेली ना, की मधूनमधून हाक मारत जा,” वर्षालीताईनं कॅनडाहून फोनवर सांगितलं होतं. “ती ओ देणार नाही. चिडेलसुद्धा. तरी मार.”

श्रद्धा तेव्हा हसली होती. कडेवरच्या पिंकीच्या तोंडातून ओढणीचं टोक सोडवत म्हणाली होती, “ताई, त्या काय आंघोळीला जातात होय? त्या कविता करायला जातात. मधेच हाक मारली तर माझी काही धडगत नाही.”

“म्हणूनच सांगतेय गं,” वर्षालीताई म्हणाली. मग बोलणं पिंकीच्या दातांवर गेलं आणि ती गोष्ट तिथंच राहिली.

तशी श्रद्धा काळजी वाऱ्यावर सोडणारी बाई नव्हे. पिंकी झोपली की ही तिच्या नाकाशी बोट धरून बघणार. गॅसचं बटण बंद केल्यावर पुन्हा येऊन चाचपणार. गॅलरीच्या जाळीला रोज हिसका देऊन ती घट्ट आहे ना याची खात्री करणार. तिचा नवरा बुद्धरत्न चाकणला, गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत. तो म्हणायचा, “आमच्या क्वालिटीत तुला घेतली पाहिजे. एक पार्ट पास व्हायचा नाही, कंपनीला टाळं लागेल.” सासू सरूबाई त्यावर तोंडाला पदर लावून हसायची.

अशा बाईनं वर्षालीताईचं सांगणं कानाआड केलं, त्याला कारण होतं.

थेरगावात डांगे चौकाकडून आत आलं की त्यांची बिल्डिंग. तिसऱ्या मजल्यावर समोरासमोर दोन दारं. श्रद्धाच्या समोरच्या दारावर ‘निरंजन मोकाशी’ अशी पाटी होती, पण मोकाशी सर जाऊन बराच काळ लोटला होता. तिथं त्यांच्या मिसेस एकट्या राहत, वर्षालीच्या आई, गोलनार. सोसायटीत त्यांची ओळख म्हणजे पार्किंगवरून भांडणाऱ्या गोऱ्यापान इराणी आजी. चहात साखर घालायची सोडून खडा दातांत धरतात आणि वरून कोरा चहा पितात, एवढंच लोकांना ठाऊक. गोलनार रूदबारी नावाच्या एका फारसी कवयित्रीच्या ओळी तिकडं इराणात मुली अजून एकमेकींना पाठवतात आणि ती कवयित्री आपल्या तिसऱ्या मजल्यावर राहते, याचा बिल्डिंगमध्ये कुणाला पत्ता नव्हता.

श्रद्धाला तो लागला पिंकीमुळं. तान्ही पिंकी पोटदुखीनं किंचाळत होती आणि घरातल्या सगळ्यांचे उपाय थकले होते. समोरचं दार उघडलं, आजी आल्या, काही न विचारता पोर खांद्यावर घेतलं आणि तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटत फेऱ्या मारू लागल्या. पिंकी ऐकत ऐकत गप्प झाली.

“कुठलं गाणं म्हणायचं हे, आजी?”

“गाणं नाही. माझं आहे,” आजी म्हणाल्या. त्यांचं मराठी त्यांच्या सासूबाईंकडून आलेलं, म्हणून चांगलं खणखणीत पुणेरी.

त्या दिवसापासून चहाला जाणं-येणं सुरू झालं आणि चहाच्या घोटाघोटानं त्यांचं आयुष्य श्रद्धाला कळत गेलं. त्या तरुणपणी पुण्याला शिकायला आल्या होत्या. निरंजन मोकाशी वर्गात मागच्या बाकावर. शिकून त्या घरी परतल्या, एक पातळसं पुस्तक छापलं, नाव झालं. मग तिकडं राज्य पालटलं. धाकट्या भावाला घरातून नेलं, तो परत आला नाही. पुस्तकाच्या प्रती जप्त झाल्या. त्यानंतर घरात झडत्या सुरू झाल्या आणि त्यांच्या आईनं घरातला लिहिलेला प्रत्येक कागद चुलीत घातला.

“मग तुम्ही लिहायच्या कशावर?”

“कशावर म्हणजे? यावर.” आजींनी कपाळावर बोट टेकवलं. “कविता करायची, पाठ करायची, मैत्रिणीला शिकवायची. ती पाठ करणार, पुढचीला शिकवणार. पण मोठ्यानं म्हटल्याशिवाय पाठ होत नाही, आणि शेजारी ऐकत असतो. म्हणून न्हाणीघरात बसायचं. नळ सोडायचा. पाण्याच्या आवाजात म्हणायचं.”

निरंजनची पत्रं येत राहिली. शेवटी त्या पुण्याला आल्या ते लग्न करूनच राहिल्या. पहिलं घर कासारवाडीला, रुळांना लागून. त्या दिवसांविषयी बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर लाली यायची. “तिथं नळ लागायचा नाही. गाडी आली की ओळ म्हणायची. साधी गाडी असली तर एक ओळ, मालगाडी असली तर अख्खं कडवं. निरंजन वेळापत्रक बघून सांगायचा, आज मोठी कविता करून घे.”

थेरगावच्या फ्लॅटला रूळ नव्हते. तेव्हा पुन्हा नळ आला. सकाळचा चहा झाला की आजी न्हाणीघरात जात, कडी लावत, गुडघे दुखतात म्हणून गॅसच्या गिझरचं गरम पाणी बादलीत सोडत आणि अंगावरच्या कपड्यांनिशी प्लॅस्टिकच्या स्टुलावर पाय बादलीत घालून बसत. वरच्या झरोक्यात एक जुनी उशी कोंबलेली असे, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

“आजी, इथं थेरगावात फारसी कुणाला कळणार?” श्रद्धानं एकदा विचारलं होतं.

“ते मला कळतं,” आजी म्हणाल्या. “माझ्या जिभेला कळत नाही. झरोका उघडा असला की ती हलतच नाही.”

हे ऐकून श्रद्धाचा ऊर भरून आला. कोंबलेली उशी, बंद दार आणि आत पेटलेला गॅस यांची बेरीज तिनं केली नाही. घराघरांतल्या फटी शोधणाऱ्या तिच्या डोळ्यांना ती उशी म्हणजे आजींचं दुःख दिसलं आणि दुःखाला हात लावू नये, असं तिला वाटलं.

शिवाय एकदा हात पोळलाही होता. मागच्या दिवाळीत ती फराळाचं ताट घेऊन गेली, नळ चालू होता, तरी तिनं दार वाजवलं. आतला आवाज तुटला. आजी बाहेर आल्या. आरडाओरडा नाही, काही नाही. ताटाकडे बघत म्हणाल्या, “ती ओळ आता तू आणून दे.” पुढं कितीतरी दिवस समोरचं दार तिच्यासाठी उघडलं नाही. आजी तेव्हा भावावरच्या एका लांबलचक कवितेत होत्या. किती वर्षं चालली होती ती, त्यांनाच माहीत. कागदावर नाही, फोनमध्ये नाही. वर्षालीताईनं रेकॉर्ड करायचं म्हटलं की एकच उत्तर, “आवाज म्हणजे पुरावा.” ती सगळी कविता एका पंचाहत्तरीतल्या बाईच्या डोक्यात होती. तिच्यातली एक ओळ आपण घालवली, हे श्रद्धाच्या मनाला लागून राहिलं. तेव्हापासून नळ चालू असताना ती त्या दाराकडे फिरकत नसे.

जानेवारीतली सकाळ होती. बुद्धरत्न फर्स्ट शिफ्टला कंपनीच्या बसनं गेलेला. सरूबाई गॅलरीतल्या उन्हात पिंकीला पायांवर घेऊन तेल लावत होती. श्रद्धा न्हाणीत दुपटी धूत होती आणि शेजारच्या पाइपात पाणी वाजायला लागलं.

हा आवाज तिच्या ओळखीचा. पाणी सुटायचं, थांबायचं, पुन्हा सुटायचं. पाणी सुटलं की आजी मोठ्यानं म्हणतायत. थांबलं की जमलेलं कडवं मनात घोळवतायत. दोन्ही न्हाण्यांच्या मधे पाइपांचा एकच डक्ट असल्यानं श्रद्धाला न बघताही कळायचं, आज काम पुढं सरकतंय की अडलंय.

आज पाणी थांबेना. मोठं कडवं दिसतंय, मालगाडी आलीय, असं मनाशी म्हणत ती हसली. दुपटी पिळून झाली. वाळत घालून झाली. ती परत न्हाणीत आली तर पाणी तसंच वाजत होतं, एकसारखं, कुठं चढ नाही, उतार नाही.

फोन वाजला. सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरी दत्तोबांचा मेसेज होता. ‘कोणाचा नळ चालू आहे? टाकी खाली चालली आहे. आज पाणी येणार नाही, नोंद घ्यावी.’ खाली कुणी अंगठ्याचं चिन्ह टाकलं. कुणी सुप्रभात म्हणून गुलाबाचं फूल टाकलं.

श्रद्धानं पाइपाला हात लावून पाहिला. कोमट होता. म्हणजे गरम पाणी अजून जात होतं.

जावं का? ती दारापर्यंत गेली आणि थांबली. आत्ता वाजवलं आणि भावाच्या कवितेतलं कडवंच्या कडवं गेलं तर? मागं एका ओळीसाठी एवढं झालं. आणि गेलं तर ते कुठून आणायचं? ज्याच्यावर होतं तो माणूस नाही, ज्यांनी पाठ केलं असतं त्या मैत्रिणीही आता राहिल्या नाहीत. ती परत फिरली. पुन्हा न्हाणीत जाऊन कान लावला. पाण्याखाली दुसरा कसलाच आवाज नव्हता.

“काय गं येड्यावानी आत-भायेर करती?” सरूबाईनं गॅलरीतून विचारलं.

“आजींचा नळ थांबत नाही, आत्या.”

“मग जा की. इचार. तोंड हाय न्हवं तुला?”

श्रद्धानं समोरची बेल दाबली. पुन्हा दाबली. आजींना फोन लावला, तो आत वाजताना बाहेर ऐकू आला आणि वाजून वाजून बंद पडला. तिच्याकडे किल्ली होती. वर्षालीताईनं देऊन ठेवलेली. किल्ली कुलपात घालतानाही डोक्यात हेच, की आता आजी काय म्हणतील.

टेबलावर चहाचा पेला, बशीत साखरेचा खडा. न्हाणीघराच्या दाराखालून उजेडाची रेघ आणि वाफ. आत पाणी.

“आजी?”

पहिली थाप तिनं इतकी हळू मारली की तिची तिलाच लाज वाटली. मग जोरात मारली. मग दोन्ही हातांनी.

“काय चाललंय काय? टाकी खाली व्हायला आली राव,” मागून दत्तोबा आले. नळ शोधत मजला मजला चढून त्यांना धाप लागली होती. “मोकाशीबाईंचा नळ होय? बाई, नळ बंद करा.”

“काका, दार तोडा. त्या ओ देत नाहीत.”

दत्तोबा दोन पावलं मागं सरकले. “अगं, बाईमाणूस आंघोळीला बसलंय. मी कसं दार तोडू? उद्या काही म्हणाल्या तर? ऐकायला कमी येत असंल त्यांना. एखाद्या बाईला बोलवू, लेडीज कमिटीला...”

“काका, त्या कपडे घालून बसतात आत.”

“कपडे घालून आंघोळ?”

फारसी कविता, इराण, उशी, भाऊ. त्या दारात उभं राहून यातलं काय काय सांगायचं? श्रद्धा नुसतीच म्हणाली, “आत गॅस चालू आहे,” आणि म्हणता म्हणताच तिची बेरीज झाली. बंद दार. कोंबलेला झरोका. पेटलेला गॅस.

तेवढ्यात तेलानं निथळणारी पिंकी छातीशी धरून सरूबाई आली. तिनं एकदा दोघांकडे पाहिलं. “दत्तोबा, ही पोर धरा. आन् तोंड फिरवा तिकडं. बाईमाणसाचं दार बाईमाणसं तोडत्यात.”

दत्तोबांच्या हातांत निसटती पिंकी आली आणि ते कसरत करत भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. सासू-सुनेनं खांदा लावला. दार प्लॅस्टिकचं, पण कडी चिवट. दुसऱ्या धक्क्याला मधोमध वाकलं, तिसऱ्याला कडीचे स्क्रू उपटून आले.

वाफेचा लोट अंगावर आला. आजी स्टुलावरून घसरून भिंत आणि बादली यांच्यात मान टाकून पडल्या होत्या. पाय बादलीतच. चेहरा चांगला गुलाबी.

“ही तर ताजीतवानी दिसती,” सरूबाई म्हणाली आणि तिनं गालावर चापट मारली. डोकं दुसऱ्या बाजूला कललं.

“श्वास धरा, आत्या. काका, पिंकीला खाली न्या, मोकळ्यावर. आधी तिला न्या.” श्रद्धानं ओढणी तोंडावर दाबली, गिझरचं बटण फिरवलं, स्टुलावर चढून उशी उपसून डक्टमध्ये फेकली. मग दोघींनी आजींच्या काखांत हात घातले. ओलं, गरम, जड अंग. फरशीवरून ओढत हॉलमध्ये, हॉलमधून गॅलरीत. श्रद्धानं गुडघे टेकले आणि पिंकीसाठी रोज धरायची तसं बोट आजींच्या नाकाशी धरलं.

काही लागेना.

तिनं बोट काढलं नाही. खाली दत्तोबा रिक्षावाल्याला ओरडून बोलवत होते, पिंकी रडत होती. मग बोटाला काहीतरी लागलं. इतकं बारीक, की आपल्याला हवंय म्हणून लागतंय असं वाटावं. पुन्हा लागलं.

“हाय?” सरूबाईनं विचारलं.

“आहे.”

दवाखान्यात ऑक्सिजन लावला. डॉक्टरांनी सांगितलं, कोंडलेल्या जागेत गिझर जळत राहिला की एक वायू साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला झोप येते, चेहरा गुलाबी दिसतो, एवढंच. “वेळेवर आणलंत,” ते म्हणाले. श्रद्धा मान खाली घालून उभी राहिली. दुपटी वाळत घातली होती तो वेळ तिला आठवत होता, दारातून परत फिरली होती तो वेळही.

वर्षालीताई मिळेल त्या विमानानं आली. आईला घरी घेऊन जाताना तिनं श्रद्धाला मिठी मारली, फोनवर सांगितलेल्या गोष्टीचा विषय काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं, असं श्रद्धाला वाटलं.

आजी हिंडू-फिरू लागल्या. चहा घेऊ लागल्या, पार्किंगवरून एकदा भांडल्यासुद्धा. गिझर विजेचा बसला, झरोक्याला नुसती जाळी राहिली. आता बरं चाललंय असं वाटेपर्यंत हळूहळू एकेक गोष्ट निखळू लागली. सरूबाईला त्या दुसऱ्याच नावानं हाक मारू लागल्या. निरंजन कामावरून आला का, म्हणून विचारलं. त्या वायूचा मेंदूवर असा परिणाम मागाहूनही दिसतो, असं डॉक्टर म्हणाले. एकदा सकाळी न्हाणीघरात जाऊन बसल्या, नळ सोडला. श्रद्धा दाराबाहेर उभीच होती, दाराला आता कडी नव्हती. आतून पाण्याचा आवाज येत राहिला, दुसरं काही आलं नाही. मग नळ बंद झाला. आजी बाहेर आल्या, ओल्या पायांनी तिथंच उभ्या राहिल्या.

“मी इथं कशाला आले होते?” त्यांनी विचारलं.

भावावरची कविता गेली होती. एका ओळीची भीती धरून बसलेल्या श्रद्धानं ती सगळीच जाऊ दिली होती. तसं तिला कुणी म्हटलं नाही. तिचं तिनंच म्हटलं.

वर्षालीताईला परत जायचं होतं. त्याआधी एका संध्याकाळी तिनं टेबलावर लॅपटॉप मांडला. वेगवेगळ्या देशांतल्या इराणी मुली पडद्यावर जमल्या होत्या, कुणाच्या मागं बर्फ, कुणाच्या मागं समुद्र. गोलनारबाई बऱ्या होऊन बसल्यात म्हणून त्यांचीच, तोंडोतोंडी पसरलेली, सगळ्यांना पाठ असलेली एक कविता म्हणायचं ठरलं होतं. श्रद्धा पिंकीला मांडीवर घेऊन बाजूला बसली. एका मुलीनं म्हणायला सुरुवात केली आणि वर्षालीताई श्रद्धासाठी हळू आवाजात मराठीत सांगू लागली.

“दारात त्याचे जोडे आहेत. आई रोज त्यांची दिशा बदलते. आज तोंड घराकडे, उद्या रस्त्याकडे.”

मुलगी थांबली. पडद्यावरच्या सगळ्या जणी आजींकडे बघत होत्या. आजी खडा दातांत धरून ऐकत होत्या.

“चांगली आहे,” त्या मराठीतच म्हणाल्या. “कुणाची?”

वर्षालीताईनं टेबलाची कड धरली. पडद्यावर मराठी कुणाला कळत नव्हतं, त्या सगळ्या हसऱ्या चेहऱ्यानं वाट बघत राहिल्या. शेवटी श्रद्धाच म्हणाली, “एका बाईंची आहे, आजी. आवडली?”

आजींचे ओठ हलले. मग खडा दातांतून काढून बशीत ठेवला. “ते ‘रोज’ काढायला सांग तिला. आई रोज नाही असं करत. जिवाचा हिय्या होईल त्या दिवशी करते.”

वर्षालीताई रडायला लागली. रडत रडत तिनं ते फारसीत सांगितलं. पडद्यावरच्या एकीनं कुठूनतरी पेन ओढलं. आजी मात्र कधीच पिंकीकडे वळल्या होत्या, तिच्या मुठीतून ओढणी सोडवत होत्या.

श्रद्धा आता त्यांच्याकडे दिवसातून कितीदा डोकावते याचा हिशेब नाही. बुद्धरत्न त्यावरूनही चिडवतो. तिचं सगळं त्याला सांगून होतं, पण एक मागणं तिनं तुमच्यासाठी ठेवलंय. तुमच्या मजल्यावर, तुमच्या गल्लीत कुणीतरी वयस्क माणूस दार लावून आपलं आपलं काहीतरी करत बसत असेल. ते काय करतं, हे तुम्हाला ठाऊक नसेल. त्यात व्यत्यय नको, अशा भल्या विचारानं तुम्ही लांब राहत असाल. हे वाचून झालं की उठा आणि जा. कोथिंबीर मागा, विरजण मागा, टाकीत पाणी आहे का विचारा. काय वाटेल ते निमित्त करा, पण दार उघडून ते माणूस समोर येईपर्यंत तिथून हलू नका.